अक्तीला दिलेली बाहुली

ही गोष्ट एकोणीसशे चौसष्ट सालच्या अक्तीची. अक्षय्य तृतीयेला बालाघाटकडे अक्ती म्हणतात आणि त्या दिवशी घरोघरच्या मुली बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. मांडव हातभर, पण अक्षता खऱ्या आणि पाठवणीचं रडणंही बरंचसं खरंच.

सत्यभामेची सरिता तेव्हा नऊ वर्षांची, नुकतीच चौथी पास झालेली. तिच्या बाहुलीला घरात कोणी बाहुली म्हणत नसे; ‘नागपूरवाली’ म्हणत. ती पाठवली होती सरिताच्या आत्याने, रुख्माबाईने. रुख्माबाई नागपुरात मुलींच्या शाळेत मोठ्या बाई. फ्रॉकवाल्या, ओठ रंगवलेल्या बाहुल्यांनी मुली बिघडतात असं तिचं ठाम मत होतं. म्हणून तिने ही मुद्दाम कारागिराकडून करवून घेतली. सागवानी डोकं, कापसाचं अंग, नऊवारी लुगडं, आणि चेहरा इतका सोज्वळ की त्याच्यासमोर जांभई द्यायलाही संकोच वाटावा. सोबतच्या पत्रातली किंमत सरिताच्या बापाने, घनश्यामने, मनातल्या मनातच वाचली. पुढचं मात्र बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं, ‘चांगल्या बाहुलीने मुलीस वळण लागते. सरिता चौथी पास झाली की येऊन पाहीन. वळण दिसले तर शिकायला इकडे घेऊन जाईन.’

हे वाक्य सत्यभामेला पाठ झालं. तिची स्वतःची शाळा दुसरीत सुटली होती आणि घनश्याम लाकडाच्या डेपोत साधा कारकून. पोरगी शिकायची तर ती नागपूरलाच. आणि नागपूरचा रस्ता त्या बाहुलीवरून जात होता. म्हणून बाहुली दोन वर्षं कपाटावर बसली. सरिताने रविवारी हात धुऊन तिला खालून पाहायचं. उंदीर, वाळवी, पाहुण्यांची पोरं, सगळ्यांची सत्यभामेला धास्ती.

अक्तीला समोरच्या घरातली अंजना आली. “काकू, आमचा नवरदेव तयार हाय. नवरीच नाही.”

“फडक्याची करा.”

अंजनाची आई चंपाबाई आपल्या ओट्यावरून बोलली, “सरिताची माय, तुमची बाहुली देवघरातली हाय काय? तसं असंन तं सांगा, नारळ फोडतो तिच्यापुढं!”

टोमणा लागला. तासाभरासाठी म्हणून बाहुली खाली उतरली आणि सत्यभामा मागच्या अंगणात कुरड्या घालायला गेली. परत येऊन पाहते तर मांडव रिकामा.

“नवरी कुठं हाय?”

“सासरी गेली.” सरिता डोळे पुसत म्हणाली, “मी लई रडली, आई. सगळ्या म्हनत होत्या, खरी माय वाटते.”

तेवढ्यात पोस्टमनने कार्ड टाकलं. परवाच्या नॅरोगेजच्या छोट्या गाडीने रुख्माबाई येत होती.

सत्यभामा तशीच पिठाच्या हाताने गल्ली ओलांडून गेली. “चंपाबाई, बाहुली द्या. नागपूरच्या बाई येऊन राह्यल्या.”

“न्या ना, बापा.” चंपाबाई उठली. पण खाटेवरची तिची सासू गोदाबाई ताडकन उठून बसली.

“खबरदार! अक्षता पडल्या. पंधरा दिवसांनी माह्या मोठ्या नातीचं लगन हाय, अन् तू घरातली सून वापस धाडतं? अपशकुन नाही काय?”

“मावशी, लाकडाची हाय ते.”

“नशीब तं लाकडाचं नाही ना?”

आता चंपाबाईही परत खाली बसली. ती हळूच म्हणाली, “असं करा. मांडवपरतणीले न्या. नवरीचा बाप शिदोरी घेऊन येईन, रीतीनं घेऊन जाईन.”

दुसऱ्या दिवशी डेपो सुटल्यावर घनश्याम धुतलेलं धोतर नेसून, हातात करंज्यांचा डबा घेऊन चाळीस पावलं चालत निघाला. गल्ली दारात उभी राहून पाहत होती.

“या, व्याही!” चंपाबाईच्या नवऱ्याने, शालिकरामने, पाय धुवायला पाणी पुढे केलं.

“मजाक नका करू, शालिकरामजी. बाहुली द्या.”

“पहिले चहा. पोरीच्या बापानं घाई केली तं लोक काय म्हनतीन?”

तीन कप चहा घेऊन घनश्याम परतला तेव्हा त्याच्या एका हातात नवरी होती आणि दुसऱ्या हातात एक कान तुटलेला मातीचा नवरदेव.

“ह्याले काहून आनलं?”

“जोडीनंच धाडतेत म्हणे. जावई हाय, नीट बसव.”

पण सत्यभामेचं लक्ष नवरीकडे होतं. तिचा चेहरा हळदीने पिवळाजर्द. तिने घाईघाईने साबण लावला. साबण लागताच हळद लाल झाली. तिने आणखी साबण लावला, चेहरा आणखी लाल. दोन वर्षं सोज्वळ दिसणारी बाहुली आता भयंकर संतापलेली दिसू लागली.

“आत्याबाईसारखी दिसते,” सरिता म्हणाली.

सकाळच्या गाडीने आत्याबाई आल्या. चप्पल काढता काढताच त्यांची नजर पाटावरच्या जोडप्यावर गेली. सत्यभामेने पाण्याचा तांब्या घाईने पुढे केला.

“हे काय आहे?”

“हिचं लगन झालं, आत्या,” सरिता अभिमानाने म्हणाली. “अक्तीले.”

रुख्माबाई मटकन खुर्चीत बसली. नागपुरात कमावलेली शुद्ध भाषा क्षणात गळून पडली. “लगन झालं? अन् मले चिठ्ठी नाही? माह्या घरून आलेली पोरगी, म्हंजे माहेर माहं. मले न पुसता उजवली तुमी? मुलगा काय शिकला?”

“मातीचा हाय,” घनश्याम पुटपुटला.

“दिसते मले!” रुख्माबाईने पाणीही घेतलं नाही. पाठ फिरवून बसली.

तेव्हा सत्यभामेचं दोन वर्षांचं भय एकदम फुटलं. “बाई, नाराज व्हा, पायजे तं पोरीले नेऊ नका, पन आयका. तुमची बाहुली आली तवापासून माह्या जिवाले घोर हाय. मी पोरीले हात लावू देल्ला नाही. खरं सांगतो, दोन वर्षांत ते तिच्यासंग खेळली फक्त परवा. अन् पाठवणीले अशी रडली, जशी पोटची लेक चालली.”

 रुख्माबाईने सरिताकडे वळून विचारलं, “खरंच रडलीस?”

“हौ. दिलेल्याले परत मागाचं नाही, म्हनून जास्तच.”

रुख्माबाई तांब्या उचलून गटागटा पाणी प्याली. “एक दिवस खेळली. तेवढ्यात वळणही लागलं. पैसे वसूल झाले. सत्यभामा, सरिताचे कपडे बांध.” थोडं थांबून म्हणाली, “पण आमंत्रण पायजे होतं.”

सरिता नागपूरला शिकली आणि पुढे जबलपूरला गणित शिकवू लागली. बाहुली आठव्या दिवशी रीतीने सासरी गेली; अंजनाने तिला इतकं खेळवलं की शेवटी सागवानी डोकं तेवढं उरलं. अंजना लग्न होऊन रामपायलीला गेली. तिच्या बहिणीचं लग्न निर्विघ्न पार पडलं आणि त्याचं श्रेय गोदाबाईने मरेपर्यंत स्वतःकडे ठेवलं. घनश्याम आणि शालिकराम एकमेकांना व्याही म्हणत राहिले. नवखे लोक कोणती मुलगी दिली म्हणून विचारत, तेव्हा दोघेही आधी चहा मागवत. सत्यभामा सुटीत आलेल्या सरिताच्या पुस्तकांवरून वाचायला शिकली. आणि त्या गल्लीतल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका रुख्माबाईला रजिस्टर टपालाने जाऊ लागली. ती एकाही लग्नाला आली नाही.