चार वायरींचा धडा

गाडीचे चार प्लग बदलायला मला वीस मिनिटं लागतात. समजावून सांगत बदलले तर पंचवीस. पस्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. समजावून न सांगता मला साधा दिवासुद्धा लावता येत नाही.

आमची गाडी तेवीस वर्षांची. तिच्यावर सूनबाई लायसनच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा चढावर इंजिनाने खोकून मान टाकली. तिसरी परीक्षा त्या दिवशी अकराला होती, आणि नव्या नोकरीसाठी सोमवारी लायसन लागणार होतं.

"बाबा, मेकॅनिककडे न्यायची का?" तिने सकाळी विचारलं.

"चार प्लगसाठी मेकॅनिक? साडेनऊला गाडी दारात उभी करतो."

गाडी दारातच उभी होती, पण बोलण्याच्या ओघात ते ध्यानात आलं नाही.

शहाणा माणूस एक वायर काढतो, तो प्लग बदलतो, वायर परत लावतो आणि मगच पुढच्याकडे वळतो. हे मला ठाऊक होतं. पण समोर आठ वर्षांची नात उभी होती. डोळे उघडे, तोंड त्याहून उघडं. असा वर्ग मिळाल्यावर एकेक प्लग काढणं म्हणजे नकाशा घडी घालून भूगोल शिकवणं. मी चारही काढले.

"बिट्टी, प्रत्येक प्लगची ठिणगी टाकायची पाळी ठरलेली असते. वायरींची अदलाबदल होऊ नये म्हणून काय करू या?"

"नंबर घालू या."

"शाब्बास."

खडूने एक ते चार नंबर घातले. नवे प्लग बसवले, हात धुऊन आलो, तर वायरी लखलखीत.

"नंबर कुठे गेले?"

"पुसले. धडा संपला की फळा पुसायचा, तुम्हीच शिकवलंत."

शिकवलं होतं खरं. लांबीवरून वायरी ओळखाव्यात, तर गेल्या वर्षी चारही एकाच मापाच्या मीच आणल्या होत्या.

"हरकत नाही," मी म्हणालो. "चार वायरी, चार जागा. किती प्रकारे लागतील?"

बराच वेळ बोटांवर मोजून बिट्टी म्हणाली, "चोवीस."

"बघ, एवढंच."

किल्ली फिरवायला आमच्या हिला बसवलं. ती वर्तमानपत्र घेऊनच आली. माझ्या प्रयोगांचा तिला चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

"फिरवू?"

"फिरव."

पहिल्या प्रकाराला गाडी शिंकली. तिसऱ्याला रुसलेल्या म्हशीसारखी नुसती हलली. सातव्याला असा बार निघाला की समोरचे गृहस्थ अर्ध्या दाढीनिशी बाहेर आले.

"काही फुटलं का?"

"नाही, शिकवतोय."

ते तसेच आत गेले. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता.

सव्वादहाला सूनबाई फाईल घेऊन बाहेर आली. "बाबा, किती राहिलं?"

"बारा."

"मिनिटं?"

"प्रकार."

ती पायरीवर बसली. फाईलचं बटण उघड-बंद करत राहिली.

"ह्याचं एखादं चित्र तरी असायला हवं होतं," मी पुटपुटलो.

"ते इथेच आहे की," बिट्टी म्हणाली आणि तिने वर बोट दाखवलं.

बॉनेटच्या आतल्या बाजूला, सव्वा तास माझ्या टकलाच्या बरोबर वर, एक कागद चिकटवलेला होता. चार वायरी, चार जागा, नंबरांसकट.

"तू कधी पाहिलंस?"

"बॉनेट उघडलं तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"गणित सुटेपर्यंत मागच्या पानावरची उत्तरं बघायची नाहीत, असं तुम्हीच म्हणता."

"ह्या घरात तुमचं ऐकणारी एवढी एकच," ही वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाली.

तीन मिनिटांत गाडी सुरू झाली आणि सूनबाई गेली.

ती परतली एक वाजता, पास होऊन.

"चढावर खोकली का गं?"

"नाही बाबा, अलगद चढली."

मी बिट्टीकडे विजयी नजरेने पाहिलं.

"शेवटी एक तोंडी प्रश्न होता," सूनबाई म्हणाली. "गाडी सुरूच होत नसेल तर सगळ्यात आधी काय कराल?"

"प्लग तपासेन म्हणालीस ना?"

"नाही. सासऱ्यांना घरात पाठवेन म्हणाले. परीक्षकांनी पूर्ण गुण दिले."

बिट्टीने हे वहीत लिहून घेतलं आहे. पुसून टाक म्हटलं, तर धडा अजून संपलेला नाही म्हणते.