काळी संत्री

सौंसरच्या बसस्टँडसमोर फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या गुणवंताला स्वतःच्या रंगाखेरीज जगात कशाचीच अडचण वाटत नसे. पांढुर्ण्याच्या भिवाजींनी आपल्या लेकीसाठी, मालतीसाठी, त्याचा फोटो मागवला, तेव्हा तो ऐटीत म्हणाला, "असा गोरा फोटो काढतो, का सासऱ्याचे डोळे दिपले पायजे!"

उपाय त्याच्या हाताशी होता. नागपूरच्या एका छापखान्यातून त्याने छपाईकामाची फिल्म आणली होती. तिला मधला रंग ठाऊकच नाही. एक तर पांढरं, नाहीतर काळं. तोंडाला भरपूर पावडर थापून कडक उन्हात उभं राहिलं, की माणूस पांढऱ्यात जमा.

वडिलांची, नत्थूजींची, मात्र एक अट होती. "तुले पाहून कोण पोरगी देते? मांगं आपली बाग दिसली पायजे." म्हणून गुणवंता पिकल्या संत्र्यांनी वाकलेल्या झाडापुढे श्वास कोंडून उभा राहिला आणि नत्थूजींनी बटण दाबलं.

अंधारखोलीत लाल दिव्याखाली कागदावर स्वतःचा दुधासारखा चेहरा उमटताना पाहून गुणवंता हरखून गेला. फोटोत मागे काय आलंय ते बघायला त्याला सवड कुठली? फोटो सुकला न सुकला तोच पांढुर्ण्याला रवाना झाला.

आठवडा उलटायच्या आत भिवाजी बसमधून उतरले. चहा नको, पाणी नको, थेट बागेत गेले आणि संत्र्याची पानं अंगठ्याने घासून पाहू लागले.

"काय पाहून राहिले जी?" नत्थूजींनी विचारलं.

"कोळशी पाहून राहिलो. सारी बाग काळी पडली, अन् तुमी सांगत नाही?"

त्यांनी फोटो पुढे धरला. झाडावरचं एकूण एक संत्रं काळंकुट्ट होतं. कोळशी रोगाचा नुसता बोभाटा झाला तरी बागेकडे व्यापारी फिरकत नाही. "काय केलं रे तू?" नत्थूजींनी मागोमाग आलेल्या पोराला विचारलं.

बापाची बाग वाचवायची तर आपलं पितळ उघडं पाडणं आलं. गुणवंता रडकुंडीला आला.

"बागेले काही नाही झालं जी. ह्या फिल्मले नारिंगी रंग दिसतच नाही, तो काळा येते."

"अन् हे पांढरं?" भिवाजींनी फोटोतल्या तोंडावर बोट ठेवलं.

"ते... पावडर होय."

भिवाजींनी एकदा फोटो पाहिला, एकदा गुणवंताला पाहिलं. सोयरीक मोडली, हे गुणवंताला कळून चुकलं.

"मालतीनं त फोटो पाह्यताच नाही म्हटलं," भिवाजी म्हणाले. "पोराच्या आंगात रगतच नाही म्हणे. दवाखान्यातून उठून आल्यासारखा दिसते. म्हटलं, बाग बरी असन त समजूत काढू पोरीची. आता तिले सांगू काय?"

गुणवंता म्हणाला, "सांगा, पोरगा काळा हाये."

"पक्का?"

"पक्का म्हंजे?" नत्थूजी छाती काढून पुढे आले. "जलमापासून हाये जी!"