थायलंड दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा

लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला सुट्टी नसते. सुट्टी इतरांना असते, आणि ती घालवायला ते लोणावळ्यात येतात. सुरज तर एका रिसॉर्टच्या काउंटरवरच बसायचा. म्हणजे दिवसभर परक्यांची सुट्टी सांभाळायची आणि घरी आलं की नातेवाइकांची. शनिवार उजाडला की कुणीतरी आतेभाऊ, त्याची मेहुणी, मेहुणीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी, "धरण बघायला आलो होतो, म्हटलं चहा घेऊन जावं" असं म्हणत दारात हजर. चहाला आलेली मंडळी रविवारचं मटण खाऊन जायची आणि जाताना "तुमचं काय बाबा, रोजच पिकनिक" असं म्हणायची. त्याच्या बायकोच्या, रुपालीच्या हातात तेव्हा बहुधा कढई असायची. ती तिने अजून कुणाच्या डोक्यात घातली नव्हती, हा तिचा मोठेपणा.

अशात एक दिवस चपात्या करता करता तिने मोबाईलवर बातमी वाचली. करोनामुळे दोन वर्षं बंद असलेलं थायलंड पर्यटकांसाठी पुन्हा उघडलं होतं. तिने लाटणं खाली ठेवलं.

"अहो, आपण जायचं."

"कुठं?"

"थायलंडला. समुद्रासमोर खुर्ची टाकायची आणि आडवं व्हायचं. मला कुणी हाक मारायची नाही. लग्नाला बारा वर्षं झाली. महाबळेश्वरला गेलो तर सोबत आई-आबा. गोव्याला गेलो तर तुमची बहीण, तिचा नवरा आणि त्याची आई. या वेळी कुणी शेपूट लागलं ना, तर मी यायचीच नाही!"

रुपाली धमक्या फार देत नसे, पण दिली की पाळत असे. (मागे एकदा "ओला टॉवेल पुन्हा पलंगावर दिसला तर खिडकीतून फेकीन" म्हणाली होती. तो टॉवेल शेजारच्यांच्या कुत्र्याने पुढे बरेच दिवस वापरला.) तेव्हा सुरजने छातीवर हात ठेवून शब्द दिला. दोघंच जायचं. लेकीला, प्रतीक्षाला, तिच्या मामाकडे ठेवायचं. कुणाला कानोकान खबर लागू द्यायची नाही.

पहिली अडचण रजेची. रिसॉर्टचे मालक कैलासशेठ स्वतःच्या लेकीच्या साखरपुड्यातसुद्धा फोनवर बुकिंग घेत होते, ते काउंटरवरच्या माणसाला समुद्रावर लोळायला सोडणार? सुरजने डोकं लढवलं आणि आपल्या वडिलांचा डोळा पुढे केला.

"शेठ, आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मला थांबावं लागेल."

"अरे, मग जा की. आईबापाच्या बाबतीत मी कधी नाही म्हणत नाही." शेठ एकदम हळवे झाले. "धुळीत, उन्हात फिरू देऊ नको त्यांना."

सुरजला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. ते कौतुक पासपोर्टची चौकशी येईपर्यंत टिकलं. कारण अर्जावर कायमचा पत्ता म्हणून त्याने टाकवे बुद्रुक लिहून दिलं होतं, आणि पोलीस थेट गावच्या घरी जाऊन उभा राहिला. दहाव्या मिनिटाला आबांचा, म्हणजे श्रीपतींचा, फोन.

"सुरज, दारात पोलीस आलाय! काय करून बसलास?"

"काही नाही आबा! पासपोर्टसाठी आलाय. आम्ही जरा... थायलंडला चाललोय."

 आबांचा आवाज एकदम खाली आला, पोलिसाला ऐकू जाऊ नये इतका.

"गावातली पोरं तिकडं कशाला जात्यात, मला ठावं न्हाई व्हय? सोन्यासारखी बायको हाय तुला! लाज वाटू दे जरा."

"अहो आबा, रुपालीला घेऊनच चाललोय!" सुरजला घाम फुटला आणि घामाबरोबर नको ते तोंडातून बाहेर पडलं. "बुद्धदर्शनाला! तिकडं केवढी विहारं आहेत, केवढ्या मूर्ती आहेत..."

विहारांचं नाव ऐकताच आबांचा राग विरला. 

"आगं ए, ऐकलंस का?" आबा घरात ओरडले. "सुरज आपल्याला थायलंडला न्यायला लागलाय!"

'आपल्याला' हा शब्द कुठून आला, ते सुरजला शेवटपर्यंत कळलं नाही. रविवारी विहारात वंदना झाली आणि आबांनी उठून सगळ्यांना बातमी सांगितली. विहार कमिटीचे अध्यक्ष गेणूभाऊ यांनी लगेच सुरजला फोन लावला.

"सुरज, जय भीम! आरं, एकट्यानंच दर्शन घेतोस व्हय? समदी मिळून जाऊ. येताना विहारासाठी तितनं मूर्ती पण आणू. तू टुरिझम लाइनीतला माणूस, आमाला कसली काळजी?"

आता खरं बोलायचं तर आबांना सांगावं लागणार की दर्शनबिर्शन काही नाही, आम्ही वाळूत लोळायला चाललोय. म्हणजे पुन्हा 'गावातली पोरं' आलीच. सुरजने दुसरा मार्ग धरला. तो टाकव्याला जाऊन आईला घाबरवू लागला.

"आई, तिकडं लोक किडे तळून खातात."

"खाऊंद्यात की. आपुन भाकरी बांधून न्यू."

"ऊन फार असतं."

"मग हितं भात लावताना काय सावलीत असतूय का आमी?"

"विमानात कान दुखतात गं."

"कापूस घालीन," शकुबाई म्हणाल्या आणि विषय संपला. आई-आबा दोघांचे पासपोर्टही निघाले. या खेपेला पोलीस आला तेव्हा त्याला पोहे मिळाले.

घरी रुपालीला यातलं काहीही सांगायचं धाडस सुरजला झालं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता ते काम शकुबाईंनीच करून टाकलं. त्यांनी सुनेला सहज फोन केला.

"रुपाली, इमानात पांढरं लुगडं चालतंय न्हवं? कमिटीच्या समद्या बायांनी तेच काढून ठेवलंय."

सुरज घरी आला तेव्हा रुपाली सोफ्यावर शांत बसली होती. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"किती जण?" तिने विचारलं.

"अगं, एक मिनी बस..."

"मी येत नाही."

सुरज पुरता हवालदिल झाला. नियोजन त्याचं, तोंड त्याचं, आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप तीच घरी बसणार! त्याने हात जोडले, पाय धरायचे तेवढे राहिले. शेवटी तडजोड निघाली. आधी सगळ्यांबरोबर विहारं बघायची आणि मग मंडळींना टूरवाल्याच्या हवाली करून दोघांनी गुपचूप समुद्रावर निघून जायचं.

"मला समुद्र पाहिजे," रुपालीने बजावलं. "आणि कुणाची हाक नको. एवढं जमलं नाही तर याद राखा."

जमलंही असतं. पण आमच्या मावळात माणूस न बोलता परदेशी जाऊ शकत नाही. आधी सत्कार होतो, शाल पडते, नारळ मिळतो आणि फ्लेक्स लागतो. तो लावला नाही तर जाणाऱ्याचा अपमान होतो आणि गावाची शोभा जाते. गेणूभाऊंनी शोभेत काही कमी ठेवलं नाही. कान्हे फाट्यावर, हमरस्त्याच्या कडेला, दुमजली घराएवढा फ्लेक्स उभा राहिला. 'थायलंड धम्मदौऱ्यास हार्दिक शुभेच्छा!' मधोमध हात जोडलेला सुरज. शेजारी श्रीपती आबा, काळा गॉगल लावून, बोटाने आकाशातलं विमान दाखवताना.

कैलासशेठ दर बुधवारी पुण्याला त्याच रस्त्याने जात.

गुरुवारी त्यांनी सुरजला केबिनमध्ये बोलावलं.

"काय रे, कसा आहे आबांचा डोळा?"

"आहे... म्हणजे होईल शेठ, ऑपरेशन शनिवारी..."

"थायलंडला?"

सुरजच्या पायाखालची फरशी सरकली.

"गॉगलमध्ये काय दिसतात रे आबा!" शेठ म्हणाले. "मी गाडी थांबवून बघितलं. विमान बरोब्बर दाखवतायत. मोतीबिंदू झालेल्या माणसाला एवढ्या लांबचं विमान दिसतं, वा! अख्खी बाल्कनी साइड बुक आहे माझी. शनिवारी सकाळी काउंटरवर दिसलास तर ठीक, नाहीतर तिकडंच नोकरी बघ."

संध्याकाळी सुरज पाय ओढत घरी आला. रुपाली बॅग भरत होती.

"माझी रजा गेली," तो कसाबसा म्हणाला. "मला माफ कर. तुझंही तिकीट रद्द करून टाकू."

 रुपालीने त्याचे शर्ट बॅगेतून काढून पलंगावर ठेवले आणि मोकळ्या जागेत आपली दुसरी चप्पल बसवली.

"रद्द कशाला? परक्या मुलखात आई-आबांना एकटं सोडणं बरं दिसतं का?"

('शेपूट लागलं तर यायचीच नाही' म्हणणारी ही तीच रुपाली. सुरजला तिच्या मनाच्या मोठेपणाने भरून आलं.)

शनिवारी मिनी बस मंडळींना घेऊन विमानतळाकडे गेली. सुरज काउंटरवर बसला. गरम पाणी नाही म्हणून एक पाहुणा भांडत होता, गरम पाणीच आहे म्हणून दुसरा. घरी सिंकमध्ये भांडी साचली. तीन-चार दिवस त्याने कसेबसे काढले आणि शेवटी न राहवून व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर निळाशार समुद्र. खुर्चीवर आडवी रुपाली, हातात शहाळं. शेजारच्या खुर्चीवर पांढऱ्या लुगड्यात शकुबाई, पाय वर घेऊन.

"रुपाली, माझा निळा शर्ट कुठं ठेवलायस?" सुरजने विचारलं.

"कपाटात. खालच्या कप्प्यात."

"मिळाला नाही गं. आणि गॅस लायटर? आणि ऐक ना, मी नसल्यामुळं तुझी सुट्टी वाया गेली, याचं मला फार..."

"वाया कशानं गेली?" शकुबाईंनी फोन आपल्याकडे ओढला. "मी समद्यांस्नी दम दिलाय, माझ्या सुनंला कुणी हाक मारायची न्हाई. आल्यापास्नं एक हाक न्हाई पडली. तूच पयला."

सुरजने घाईघाईने विषय बदलला. "बरं, पुढच्या वर्षी आपण दोघंच..."

"पुढच्या वर्षी श्रीलंकेचं ठरतंय," रुपाली शहाळ्यातली नळी बाजूला करत म्हणाली. "आम्हा सगळ्यांचं."

"मग मी शेठना आत्तापासूनच सांगून ठेवतो!"

"सांगा की, जरूर सांगा. गेणूभाऊ म्हणतायत, श्रीलंकेला यापेक्षा मोठा फ्लेक्स करू. मी म्हटलं, करा, पण फाट्यावर नको. सरळ यांच्या रिसॉर्टच्या गेटसमोरच लावा."