बारा फुटी रॉड आणि गप्प सासरे

घ्यायचाच तर बारा फुटी रॉड घ्यायचा, हे चौकशीसाहेबांनी दुकानात शिरायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. चूक झाली ती तिथेच. (बाकीच्या चुका मागून रांगेने आल्या.)

चौकशीसाहेब हे त्यांचं ऑफिसातलं नाव. बसस्टँडच्या चौकशी खिडकीत बसून दिवसभर लोकांना उत्तरं द्यायची त्यांना इतकी सवय, की कोणी काही विचारलं नाही तरी ते उत्तर देत. सासरे मात्र उभा जन्म दीपगृहात नोकरी करून निवृत्त झालेले. दिव्याशी माणूस बोलणार तरी काय? लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जावयाच्या वाट्याला ‘हं’ आणि ‘ठीक’ यापलीकडे शब्द आला नव्हता. आपण त्यांना आवडत नाही, हे साहेबांना फार लागलं होतं. आणि अचानक बायकोने निरोप आणला, "अहो, बाबांनी रविवारी मासे धरायला बोलावलंय. समुद्रात, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून. रॉड स्वतःचा आणा म्हणाले."

दुकान बोळाच्या टोकाला होतं. आत एकच दिवा. भिंतीला टेकवलेले रॉड पंख्याच्या वाऱ्याने बारीक आवाजात गुणगुणत होते. दुकानदार कधी शेजारी येऊन उभा राहिला, ते साहेबांना कळलंच नाही.

"कुठे उभे राहणार?"

"समुद्रात. कमरेइतक्या पाण्यात."

"मग नऊ फुटी न्या. हलका, आखूड मुठीचा. आणि दोरी ओवायच्या कड्या न गंजणाऱ्या बघा, खारं पाणी लोखंड खातं."

"बारा फुटी दाखवा."

"तो वाळूवर उभं राहून फेकायचा. पाण्यात त्याची लांब मूठ बुडते," दुकानदाराने आवाज खाली आणला, "आणि मग पाणी तिला खालून धरतं."

"धरतं म्हणजे?"

"शेजारी कोण असणार?"

"सासरे."

दुकानदाराने नऊ फुटी रॉड काढून त्यांच्यापुढे धरला. "मग तर नऊच न्या," तो म्हणाला.

पण बारा फुटी रॉड पाहून सासरे निदान ‘वा’ तरी म्हणतील, या एका आशेवर साहेब बारा फुटीच घेऊन आले. घरी हौसेने त्याचे दोन तुकडे जोडले, ते काही केल्या सुटेनात. शेवटी रॉड स्वयंपाकघरापासून पॅसेजमधून थेट बेडरूमपर्यंत आडवा झाला आणि घरातली माणसं त्याला ओलांडून फिरू लागली. दिवेलागणीला त्याचं टोक थरथरलं. मग दोरीचं रीळ आपणहून ‘कर्र’ वाजलं.

"अहो, तो हलतोय."

"वारा आहे."

"खिडक्या बंद आहेत."

यावर साहेबांनी उत्तर दिलं नाही. चौकशी खिडकीच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं.

रविवारी समुद्रावर धुकं इतकं दाट, की स्वतःचे गुडघे दिसेनात. सासरे काळी लोकरी टोपी घालून आले, रॉडकडे एकदा बघितलं, "हं" म्हणाले आणि पाण्यात शिरले. साहेब मागोमाग गेले. कमरेइतकं पाणी लागेपर्यंत सासरे धुक्यात विरघळून गेले होते. जरा वेळाने डाव्या हाताला ते पुन्हा दिसले. तीच काळी टोपी, तेच ताठ उभं राहणं, आणि अर्थात तीच शांतता.

साहेबांनी रॉड मागे नेला आणि जोर लावून फेकायला गेले. त्याच क्षणी बुडालेली मूठ पाण्याने खालून धरली. (दुकानदाराचे शब्द आत्ता आठवून काय उपयोग?) रॉड आडवा फिरला, गळ सणसणत डावीकडे गेला आणि ‘खच्च’ असा आवाज आला.

दोरी ताठ झाली. तिचं दुसरं टोक सासऱ्यांत होतं.

"बाबा? लागलं का हो?"

उत्तर नाही. नुसती लाट आली की दोरीला हलकासा हिसका बसत होता. गळ अंगात रुतलाय आणि माणूस साधं ‘आई गं’ म्हणत नाही!

"रागावलात ना? रागवा, पण काहीतरी बोला! मला माहितीये, मी तुम्हाला कधी आवडलोच नाही. मी बडबड्या आहे. पण बाबा, तुम्ही गप्प बसलात की मला भीती वाटते, म्हणून मी बोलतो. आणि मी बोललो की तुम्ही आणखी गप्प बसता. एकदा नुसतं ‘वा’ म्हणाला असतात, तर हा बांबू मी कशाला घेतला असता?"

भरती चढत होती. साहेब बोलता बोलता एकेक पाऊल मागे सरकत होते. सासरे मात्र जागचे हलत नव्हते. पाणी त्यांच्या छातीला आलं. मग गळ्याला.

"बाबा, मागे या! बुडाल!"

साहेबांना रडू फुटलं. त्यांनी डोळे मिटून, होता नव्हता तेवढा जोर लावून दोरी खेचली. रॉड कमानीसारखा वाकला, आणि सासऱ्यांच्या डोक्यावरच्या टोपीने पंख पसरले. टोपी फडफडत धुक्यात उडून गेली. खाली डोकं नव्हतं.

साहेबांची किंकाळी त्यांची त्यांनाच ओळखू आली नाही.

"जावईबापू," मागून, वाळूवरून आवाज आला, "तो होड्या बांधायचा खांब आहे. वर पाणकावळा बसला होता."

सासरे केव्हाचेच बाहेर येऊन थर्मासमधला चहा पीत बसले होते. डोक्यावर टोपी शाबूत होती. साहेब गारठलेले, थरथरत बाहेर आले. सासऱ्यांनी चहाचा कप पुढे केला, ओल्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला. मग म्हणाले, "नऊ फुटी घ्यायला हवा होता."

एका दिवसात तीन वाक्यं! साहेब घरी आले ते हवेत तरंगतच. बायको फोन ठेवत होती.

"बाबांचा होता. पुढच्या रविवारीही या म्हणाले."

"बघ! शेवटी मी आवडलो त्यांना!"

"हो, आवडलात म्हणाले," बायको ओठ दाबत म्हणाली, "आणि म्हणाले, त्यांना सांग, काही बोलावंसं वाटलं तर संकोच करू नका. खांब तिथेच आहे."