अजून एक ओळ

मोतीशेठना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. ओतूरच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे, दुकानात पांढरीशुभ्र गादी आहे, पण तिच्यावर बसायचं ते गिऱ्हाइकानं. शेठचा एक पाय आत, एक पायरीवर. बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून ते बाहेर जातात आणि उरलेलं परत आल्यावर पुरं करतात. तोवर आपण तिसऱ्याच विषयावर असतो.

अशा माणसानं दर मे महिन्यात मंदिराच्या मंडपात गावातल्या पोरांचं शिबिर चालवावं आणि त्याचं वेळापत्रक मी करावं, हे माझं नशीब. मी शाळेतली बाई, मला घंटेशिवाय सुचत नाही. शेठचं मात्र मातीचा बैल तीन पायांवर उभा राहतो न राहतो तोच, "चला, पुढं." लगोरी निम्मी रचली की, "चला, पुढं." मंडपाच्या कोपऱ्यात तीन पायांच्या बैलांचा कळप जमला होता.

यंदा मी हट्टालाच पेटले. समारोपाला आईबाप येतात, त्यांना एक तरी पुरी झालेली वस्तू दाखवायचीच. सगळ्यांनी मिळून गोधडी शिवायचं ठरलं. कापड शेठचं, धावदोरा शिकवायला मी. मढहून मामाकडे सुट्टीला आलेली सई तर अशी रमली की तिला जेवायला हाकलावं लागे.

गोधडी कडेला आली की शेठ काखोटीला चिंध्यांचं गाठोडं मारून हजर. "बाई, अजून एक ओळ. लई नाय."

"शेठ, ही गोधडी आहे, मांडव नाही."

"असू द्या. पोरांना थंडी वाजती."

मे महिन्यात! रोज एक ओळ वाढत गोधडी सतरंजीबाहेर गेली, मग खांबाला वळसा घालून पलीकडे निघाली.

समारोपाच्या आदल्या संध्याकाळी मी कड बंद करायला बसले, तर शेठ पुन्हा काखोटीला गाठोडं, हातात जेवणाचा डबा घेऊन पुढ्यात. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम. शिबिरात तो डबाही ते पोरांच्या घोळक्यात उभ्यानंच संपवत. मी चिडून विचारलं, "ही पुरी झाली तर तुमचं काय बिघडतं?"

शेठच्या येरझाऱ्या थांबल्या.

"पुरं झालं की पोरं घरी जात्यात, बाई. अर्धं ठिवलं की सकाळी पळत येत्यात." डब्याचं झाकण लावत ते म्हणाले, "आमची नातवंडं आता येत न्हाईत. तिकडं बेंगलोरला त्यांचाबी समर कॅम्प असतो."

शेठाणी गेल्यापासून दुकानावरच्या घरात ते एकटेच राहतात, हे मला ठाऊक होतं. तरी तेव्हा फार वाईट वाटलं. मी कात्री पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी आईबापांनी अर्धवट गोधडीचंच कौतुक केलं. सईचे वडील एसटी चुकेल म्हणून घाई करत होते. तिनं सुई कापडात टोचली आणि उठली.

"शेठ, सुई काढू नका हां. पुढच्या साली मी हितनंच धरीन."

शेठना त्या दिवशी "चला, पुढं" म्हणवलं नाही.

परवा ब्लाउजपीस घ्यायला दुकानात गेले. निम्म्या गादीवर ती अर्धवट गोधडी घड्या घालून पसरलेली. एक गिऱ्हाईक तिच्यावर टेकायला लागलं, तसे शेठ पायरीवरून धावत आत आले.

"पावणं, तिकडं नका बसू. सुई हाय," ते म्हणाले. "पोरगी येणार हाय."