एल्काला बर्फ आवडतो, असं मी सांगितलं

कुणाचं कुणाशी जमेल हे मला चेहरा बघून कळतं. निदान गेल्या जानेवारीपर्यंत कळत होतं.

माझं नाव राइना. मी आणि माझा नवरा कोस्तादिन बान्स्को या डोंगरातल्या गावात पाच खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देतो. हिवाळ्यात पाय ठेवायला जागा नसते, कारण आल्प्स ज्यांच्या खिशाला झेपत नाही ते सगळे आमच्या डोंगरावर येऊन पडतात. उन्हाळ्यात मात्र गाव इतकं रिकामं, की कुत्री रस्त्याच्या मधोमध पाय ताणून झोपतात. माझी धाकटी बहीण एल्का आमच्याकडेच राहते. राहत होती. हिवाळाभर रोपवेच्या पायथ्याशी एका दुकानात ती लोकांच्या पायात स्कीचे बूट चढवायची. वय एकेचाळीस, लग्न नाही, आणि त्याची काळजी फक्त मला.

जानेवारीत डॉक्टर झ्लातान आले. गुरांचे डॉक्टर, पार पूर्वेकडच्या दोब्रिचचे, जिथे कोंबडी चढेल एवढीसुद्धा टेकडी नाही. सोबत काम करणाऱ्यांनी वाढदिवसाला ही सहल भेट दिली होती. एकदम शांत माणूस. न्याहारीला चीज भरलेल्या बनित्साचा दुसरा तुकडा वाढला तरी ‘खरंच घेऊ?’ म्हणून विचारणारा.

‘‘हा डॉक्टर आज पुन्हा बूट बदलून आणायला गेलाय,’’ कोस्तादिन एका दुपारी म्हणाला. ‘‘रोज बूट चावतो म्हणतो आणि रोज दुकानात तासभर बसतो. पायात एक ओरखडा नाही. राइना, जमतंय त्यांचं. तू मध्ये पडू नकोस.’’

मी मध्ये पडले.

एल्का लहानपणी एकदा स्कीवरून थेट ओढ्यात गेली होती. त्यानंतर तिनं स्कीवर पाय ठेवला नव्हता, हे मला माहीत होतं. पण बान्स्कोच्या मुलीला स्की येत नाही, हे पाहुण्याला कसं सांगायचं? म्हणून सकाळी कॉफी ओतता ओतता मी म्हटलं, ‘‘डॉक्टर, आमच्या एल्काचा जीव बर्फात आहे. नुसता चालत फिरणारा माणूस तिच्या हिशेबातच नसतो.’’ आणि संध्याकाळी एल्काला सांगितलं, ‘‘मोठा पट्टीचा स्कीवाला आहे तो. विनयामुळे बोलत नाही.’’ माझा बेत साधा होता. दोघं रोपवेनं वर जातील, टपरीत गरम वाइन पितील, बाकीचं डोंगर बघून घेईल.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला वर चलायचं का विचारलं. विचारताना त्यांचा चेहरा पांढरा, हो म्हणताना तिचा त्याहून पांढरा. मला वाटलं, प्रेम.

वर काय झालं ते बचाव पथकाच्या लोकांनी नंतर सांगितलं. दोघं उताराच्या टोकाशी उभे राहून ‘आधी तुम्ही’, ‘छे, तुम्ही पाहुणे, आधी तुम्ही’ करत होते. मागची रांग ओरडायला लागली तेव्हा एकदमच निघाले. स्की शिकणाऱ्या मुलांमधून, जाळीतून, टपरीसमोरच्या बाकांमधून. एल्काचं नाक सोलवटलं. डॉक्टरांची नडगी मोडली.

दवाखान्यात जायला एल्का तयार होईना. ‘‘कोणत्या तोंडानं जाऊ, ताई? इतका चांगला स्की करणारा माणूस मला वाचवायला वळला आणि मोडला.’’

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी सूप घेऊन एकटीच गेले.

‘‘एल्काबाई नाही आल्या?’’ डॉक्टरांनी विचारलं.

ती घरी रडत बसलीय, हे सांगणं मला बरं दिसेना. ‘‘आज ताजा बर्फ पडलाय ना, ती कुठली थांबते. वर गेलीय.’’

त्यांनी चमचा खाली ठेवला. ‘‘बरोबर आहे. माझ्यासारख्याजवळ त्यांनी का बसावं.’’

मला ती थट्टा वाटली. मी हसले. दोन दिवसांनी एक मित्र त्यांना गाडीतून घेऊन गेला. एल्का स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिली.

बर्फ वितळला की दुकान बंद होतं आणि निम्मं गाव समुद्राकाठच्या हॉटेलांत कामाला जातं. एल्का यंदा बालचिकला गेली. ‘‘इतक्या लांब?’’ मी म्हटलं. ‘‘तिकडची हवा चांगली आहे म्हणतात,’’ ती म्हणाली. मी विश्वास ठेवला.

जुलैत दार वाजलं. काठी टेकत डॉक्टर उभे.

‘‘स्कीला नाही आलो, राइनाबाई. मला स्की कधीच येत नव्हती. तेवढंच एल्काबाईंना सांगायचं होतं.’’

‘‘अहो, ती तर बालचिकला आहे.’’

‘‘बालचिकला?’’ ते पायरीवरच बसले. ‘‘माझ्या घरापासून ते अर्ध्या तासावर आहे. मी सबंध देश ओलांडून आलोय.’’

मी तोंड उघडलं, तेवढ्यात कोस्तादिननं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘तू कॉफी कर.’’

संध्याकाळी तो त्यांना बसवर सोडायला गेला आणि इकडे एल्काचा फोन आला. ‘‘ताई, मी आज रजा काढून दोब्रिचला गेले होते. त्यांच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, डॉक्टर डोंगरात गेलेत. मोडलेल्या पायानंसुद्धा स्की सुटत नाही वाटतं.’’

‘‘जुलैत कुठली आलीय स्की, एल्का?’’ मी म्हटलं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मग तिनं फोन ठेवला.

सप्टेंबरात लग्न झालं, दोब्रिचला. एल्का आता तिकडेच. जेवणं झाल्यावर कडक रकिया दारूचा पेला घेऊन मी तिच्याशेजारी जाऊन बसले. ‘‘काय गं, शेवटी जमलं की नाही?’’

ती चिडली नाही. माझी वळलेली कॉलर तिनं सरळ केली. ‘‘ताई, ते मला जानेवारीतच लग्नाचं विचारणार होते. त्या आठवड्याच्या शेवटी. घरी आईला फोन करून सांगितलंसुद्धा होतं.’’

‘‘मग सासूबाई दिसत नाहीत कुठे?’’

‘‘मे महिन्यात गेल्या. शेवटपर्यंत विचारत होत्या म्हणे, ती बूटवाली मुलगी कधी येणार.’’

मी पेला खाली ठेवला. बँडवाल्यांनी होरो सुरू केला, सगळे हात धरून रांगेत उभे राहायला लागले. डॉक्टर लंगडत आले, माझा हात धरला आणि मला रांगेत घेऊन गेले. त्यांचं प्रत्येक पाऊल बरोबर पडत होतं. चुकत होते ती मी.