नकाशात दाखल झालेले रुग्ण

आमच्या तालुक्याच्या नव्या सरकारी रुग्णालयाच्या नकाशात पहिला रुग्ण सोळा मार्चला दाखल झाला. नकाशा मीच काढत होतो. बांधकाम खात्यात मी कनिष्ठ अभियंता. दम्यानं बेजार झालेल्या सोनाबाई हुलगे माझ्या टेबलापाशी आल्या, "दवाखाना ह्योच का?" म्हणाल्या, चपला काढल्या आणि पहिल्या मजल्यावरच्या महिला कक्षात एका खाटेवर जाऊन पडल्या. खाट पेन्सिलीनं काढलेली होती, पण त्यांचं भागलं.

महिन्याभरात नकाशातल्या पन्नासही खाटा भरल्या. दोन बाळंतपणं सुखरूप झाली. संध्याकाळी नकाशा गुंडाळून ठेवणं मी बंद केलं.

मग निधी आला, तो तीस खाटांपुरता. कार्यकारी अभियंता गव्हाणेसाहेबांनी मला बोलावलं.

"पहिला मजला काढून टाका."

"साहेब, तिथं माणसं आहेत."

"दाखल करून घेताना कुणाची मंजुरी घेतली होती?"

"कुणाची नाही."

"मग हलवायलाही लागणार नाही."

नकाशाच्या दर्शनी भागात मान्यवरांच्या गाड्यांसाठी प्रशस्त पोर्च होता. तो वगळला असता तर बऱ्याच खाटा वाचल्या असत्या. हे मला माहीत होतं. माझ्या बढतीची फाइलही साहेबांच्याच टेबलावर होती. मी "बरं साहेब" म्हणालो.

जागेवर येऊन मी खोडरबर हातात घेतला. सोनाबाईंनीच विचारलं, "मजला चाललाय व्हय?"

"निधी कमी आलाय."

वाटलं, चिडतील, चार शब्द सुनावतील. त्यांनी कक्षात हाक दिली, "उठा गं, सायबांचा खोळंबा नगं." एकमेकींना धरून सगळ्या खाली उतरल्या. शेवटची उतरल्यावर मी जिनाही खोडला.

खाली जागा नव्हती. काही जणी औषधांच्या खोलीत शिरल्या, काही व्हरांड्यात बसल्या.

"त्या गाड्यांच्या जागेत पडू का?" सोनाबाईंनी विचारलं.

"तिथं नको," मी म्हणालो. म्हणताना त्यांच्याकडं बघितलं नाही.

"बरं," म्हणून त्या कागदाच्या समासात जाऊन बसल्या. समासाला भिंत नसते. त्यांचा खोकला वाढला, तसा मी कचेरीतला पंखा बंद ठेवू लागलो. तेवढंच केलं.

नकाशा मंजुरीला जायच्या दिवशी मी पेन उघडलं. खालच्या कोपऱ्यात, अभियंत्याच्या सहीच्या चौकटीत, एक बाळंतीण झोपली होती.

सोनाबाईंनी तिला हलवलं. "ऊठ बाई, सायबांना सही करायचीया."

ती उठली. बाळाला छातीशी धरून एका अंगाला सरकली आणि म्हणाली, "एवढ्यात मावंल का, सायेब? का अजून सरकू?"

मी जमेल तेवढी लहान सही केली.